एव्हिलकडे जाणारा हात अ‍ॅड्रेनलिनकडे कसा वळवायचा

प्रश्न एका मेट्रन ताईंचा आहे. तालुक्याच्या गावातलं ४० बेडचं हॉस्पिटल, मोठे डॉक्टर दोन वेळा राउंडला येतात, रात्री एकच आरएमओ (ड्यूटी डॉक्टर). गेल्या महिन्यात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिल्यावर एक पेशंट कोसळला, नशिबाने वाचला, आता सरांनी सांगितलंय की सगळ्या स्टाफला रिअ‍ॅक्शनचं ट्रेनिंग द्या. ताई विचारतायत की एक तासाचं लेक्चर ठेवलं तर पुरेल का, काय काय शिकवू, आणि शेवटी परीक्षा घेऊ का.

मी २३ वर्षं नर्सिंगमध्ये आहे, त्यातली बरीच आयसीयूत गेली आणि आता गेली काही वर्षं स्टाफ ट्रेनिंगच बघते, तर अनुभवावरून सांगते. एक तासाचं लेक्चर तुम्ही घेऊन झालं की सगळ्याजणी मान डोलावतील आणि पुढच्या रिअ‍ॅक्शनला परत तेच होईल जे आत्ता झालं. कारण ताई, तुमच्या मुलींना माहीत नाही असं नाहीये. कुठल्याही जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या मुलीला विचारा, अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या रिअ‍ॅक्शनमध्ये, पहिलं औषध कोणतं? फाडकन सांगेल, अ‍ॅड्रेनलिन. आणि तीच मुलगी प्रत्यक्षात पेशंट लाल झाला की ट्रेमधलं एव्हिल (खाजेवरचं अँटिहिस्टामिन) आणि हायड्रोकॉर्ट (स्टेरॉइड) भरायला घेते आणि दुसऱ्या हाताने सरांना फोन लावते. तुमच्या केसमध्ये पण हेच झालं असणार, पैज लावते. डोक्याला उत्तर माहितीये पण हाताला परवानगी नाही, असं आहे ते. म्हणून ट्रेनिंग हाताचं करायचं आणि परवानगीचं करायचं.

हे मी पुस्तकातून नाही शिकले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी ज्या हॉस्पिटलला होते तिथे वॉर्डात मुतखड्याच्या दुखण्याने आलेला तिशीतला माणूस होता, डायक्लोफिनॅक दिलं आणि मी पुढच्या बेडकडे गेले. दोनेक मिनिटांत तो म्हणाला सिस्टर तळहाताला फार खाज सुटलीये. मी म्हटलं थांबा बघते. मग म्हणाला संडासला जायचंय, कळ आलीये, आणि उठून चालायला लागला, मी अडवलं नाही. संडासच्या दारात पडला. पल्स लागेना. मी काय केलं असेल, एव्हिल दिलं, हायड्रोकॉर्ट दिलं, फोन केला, आणि अ‍ॅड्रेनलिन पडलं तेव्हा दहा-बारा मिनिटं झाली होती, ते पण वरून आलेल्या भूलतज्ज्ञ मॅडमनी दिलं. वाचला तो, चार दिवस आयसीयूत राहून घरी गेला. मॅडम मला ओरडल्या नाहीत, फक्त विचारलं की ट्रेमध्ये अ‍ॅड्रेनलिन होतं का. होतं. एव्हिलच्या शेजारीच होतं.

त्या एका केसमध्ये शिकवण्यासारखं सगळं आहे, म्हणून अजूनही मी पहिल्या सेशनला तीच सांगते. तळपायाला-तळहाताला खाज, एकदम संडासला लागणं, उलटी, पोटात कळ, ही सुरुवात असते, आणि आपल्या मुली मात्र अंगावर गांधी येण्याची वाट बघत बसतात. दहातल्या एक-दोन पेशंटला अंगावर काहीच उठत नाही, सरळ बीपी पडतं किंवा छाती वाजायला लागते. आणि पेशंट पुस्तकातली भाषा बोलत नाही हे लक्षात ठेवा. तो म्हणतो "कसंतरी होतंय", "जीव घाबरतोय", "गळ्यात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय", "डोळ्यासमोर अंधारी आली". ही वाक्यं एका कागदावर लिहा आणि मुलींकडून पाठ करून घ्या, कारण "जीव घाबरतोय" म्हटलं की आपण म्हणतो काही नाही हो काका, टेन्शन घेऊ नका. इंजेक्शननंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात जर कोणी म्हणालं जीव घाबरतोय, तर ते टेन्शन आहे हे सिद्ध होईपर्यंत रिअ‍ॅक्शन समजायची. साध्या चक्करेत पेशंट पांढराफटक, गार, पल्स हळू असते आणि आडवं केलं की सुधारतो. रिअ‍ॅक्शनमध्ये पल्स सहसा पळत असते आणि आडवं करूनही बीपी येत नाही. व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक शिरेतून भरभर गेलं तर मान-तोंड लाल होतं, खाज येते, ते बऱ्याचदा स्पीडमुळे असतं, थांबवून नंतर हळू दिलं की जमतं, पण त्यात पण बीपी किंवा श्वास बिघडला की चर्चा करत बसायचं नाही.

वेळेबद्दल एक आकडा मी बोर्डवरच लिहून ठेवते. ब्रिटनमध्ये अ‍ॅनाफिलॅक्सिसने गेलेल्या पेशंटचा पम्फ्री नावाच्या डॉक्टरांनी अभ्यास केला होता, २००० साली छापून आला. रिअ‍ॅक्शन सुरू झाल्यापासून हृदय बंद पडायला अन्नाच्या अ‍ॅलर्जीत साधारण ३० मिनिटं, माशी-गांधीलमाशी चावल्यावर १५, आणि हॉस्पिटलात दिलेल्या औषधांनी ५ मिनिटं. पाच. तुमचे सर पाच मिनिटांत गाडी काढून पोचणारेत का? आरएमओ वरच्या मजल्यावर डिलिव्हरीत अडकला असेल तर तो तरी? मग ती पाच मिनिटं कोणाची आहेत, त्या बेडशेजारी उभ्या असलेल्या मुलीची आहेत. हे वाक्य तुम्ही सरांना पण ऐकवा, कारण परवानगी तेच देणारेत.

परवानगीचं आधी उरका, त्याशिवाय ट्रेनिंग सुरूच करू नका. सरांच्या सहीचा एक पानी स्टँडिंग ऑर्डर काढून घ्या, मराठीत, की औषध दिल्यावर अमुक लक्षणं दिसली तर ड्यूटीवरच्या सिस्टरने न विचारता मांडीत अ‍ॅड्रेनलिन द्यायचं आणि मग कळवायचं. सर म्हणतील लीगल काय होईल. त्यांना सांगा की लसीकरणात सरकारनेच एएनएम ताईंना, म्हणजे आरोग्यसेविकांना, लसीनंतरच्या अ‍ॅनाफिलॅक्सिसला अ‍ॅड्रेनलिनचा एक डोस मांडीत द्यायची मुभा दिलेली आहे, त्यांच्याकडे त्याचा किट असतो, उपकेंद्राच्या अंगणवाडीत बसलेली एएनएम देऊ शकते तर ४० बेडच्या हॉस्पिटलातली स्टाफ नर्स का नाही. कोविडची लस घेतल्यावर अर्धा तास खुर्चीत बसवून ठेवत होते ते आठवतंय ना, ते याचसाठी होतं. मुलींची खरी भीती वेगळी असते, "मी दिलं आणि काही झालं तर माझ्यावर येईल". ती भीती लेक्चरने जात नाही, सहीच्या कागदाने जाते, आणि त्याहून जास्त पहिल्यांदा एखादीने दिलं आणि सरांनी सगळ्यांसमोर शाब्बास म्हटलं की जाते. भले ती रिअ‍ॅक्शन नंतर साधीच निघाली तरी. मांडीत अर्धा मिली दिल्याने थोडी धडधड, थरथर, डोकं दुखणं होतं, दहा-पंधरा मिनिटांत उतरतं. बहुतेकांच्या बाबतीत न दिल्याचा धोका दिल्याच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

आता डोस. इथे मी अजिबात फाफटपसारा करत नाही. आपल्याकडची अँप्यूल १ मिलीत १ मिलिग्रॅमची. मोठ्या माणसाला अर्धी अँप्यूल, ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यभागी, पँटची शिवण जिथून जाते तिथे, सुई सरळ ९० अंशात. डायल्यूट करायचं नाही. लहान मुलांना १० किलोला ०.१ मिली, २० किलोला ०.२, ३० किलोला ०.३, एवढं तक्ता करून ट्रेच्या झाकणाला चिकटवा, त्या वेळी गुणाकार कोणाला सुचत नाही. पाच मिनिटांनी सुधारणा नाही तर परत तेवढंच. १ किंवा २ मिलीची सिरिंज आणि एक इंची सुई, खूप जाड पेशंटला दीड इंची. इन्सुलिनची सिरिंज वापरू नका, तिची सुई इवलीशी असते, औषध चरबीतच राहतं. दंडात नको, कातडीखाली तर नकोच. कॅनडातल्या सिमन्स मॅडमनी १९९८ मध्ये मुलांवर मोजून दाखवलंय की मांडीच्या स्नायूत दिलं तर रक्तात पातळी सरासरी ८ मिनिटांत वर जाते आणि कातडीखाली दिलं तर ३४ मिनिटं लागतात. जुन्या सिस्टर "एससी (कातडीखाली) द्यायचं असतं" म्हणून वाद घालतील, त्यांना हे दोन आकडे सांगा, वाद मिटतो. कपडे काढायची गरज नाही हेही सांगाच, कारण आपल्याकडे साडी-सलवार आणि बाजूला सासरे उभे म्हणून हात थांबतो. सलवारवरून, पायजम्यावरून टोचलं तरी चालतं.

आणि एक गोष्ट लाल अक्षरात: नाडी लागत असलेल्या पेशंटला अख्खी अँप्यूल शिरेतून ढकलायची नाही. कोड ब्लूला आपण १ मिलिग्रॅम शिरेतून देतो ते हृदय बंद पडलेल्याला. जिवंत पेशंटला तसं दिलं तर हृदयाचे ठोके भलतीकडे जातात, अ‍ॅटॅक येऊ शकतो, फुप्फुसात पाणी भरतं. सीपीआरचं ट्रेनिंग आणि हे ट्रेनिंग एकाच दिवशी घेऊ नका, मी एकदा घेतलं होतं आणि दुसऱ्या आठवड्यात तोंडी विचारलं तर अर्ध्या मुलींनी दोन्हीची सरमिसळ केली होती. शिरेतून हळूहळू देणं हे भूलतज्ज्ञ आणि आयसीयूवाल्यांचं काम, मॉनिटर लावून.

मग एव्हिल-हायड्रोकॉर्टचं काय, हा प्रश्न येणारच, येऊ द्या. एव्हिलने खाज आणि गांधी कमी होतात, बीपी वर येत नाही, घशाची सूज उतरत नाही, वर झोप येते आणि मग तो गुंगीत आहे की शॉकमध्ये आहे तेच कळत नाही. स्टेरॉइडला काम करायला काही तास लागतात. ब्रिटनच्या रिससिटेशन कौन्सिलने २०२१ मध्ये तर सुरुवातीच्या उपचारातून अँटिहिस्टामिन काढूनच टाकलं आणि स्टेरॉइड पण सगळ्यांना सरसकट नको म्हटलं. आपल्याकडे सर लिहितीलच, नंतर द्या, भांडू नका. मी एक साधी युक्ती केली होती, रिअ‍ॅक्शनच्या ट्रेमधून एव्हिल-हायड्रोकॉर्ट काढून टाकलं आणि खालच्या कप्प्यात ठेवलं, वर फक्त अ‍ॅड्रेनलिनच्या पाच अँप्यूल, सिरिंज-सुया, स्पिरिट स्वॅब आणि तक्ता. हाताला दुसरं काही सापडलंच नाही पाहिजे. नॉरअ‍ॅड्रेनलिन हे मिळत्याजुळत्या नावाचं दुसरंच औषध त्या ट्रेच्या आसपास पण नको, घाईत नाव अर्धंच वाचलं जातं.

आता ड्रिल. हॉलमध्ये खुर्च्या मांडून नाही, वॉर्डात घ्या. एखादा वॉर्डबॉय मामा पेशंट म्हणून झोपवा, (आमचा एक मामा इतकी झकास ॲक्टिंग करायचा की शेजारच्या पेशंटचे नातेवाईक रडायला लागले होते, तेव्हापासून आधी नातेवाइकांना सांगून ठेवते). मांडीला कपड्याखाली जाड स्पंज बांधा, खाली पुठ्ठा लावा म्हणजे मामांना खरंच टोचणार नाही, हाताचा सराव वेगळा संत्र्यावर करून घ्या. एक्सपायर झालेल्या अँप्यूल सरावाला वापरा म्हणजे फोडण्यापासून भरण्यापर्यंत खरं होतं, पण त्यांच्यावर लाल पट्टी लावून वेगळ्या डब्यात कुलपात ठेवा आणि ड्रिल झाली की मोजून परत घ्या, एक जरी खऱ्या ट्रेमध्ये गेली तर नवीनच संकट. मोबाईलवर स्टॉपवॉच लावा. मामा म्हणणार "सिस्टर, खाज सुटलीये", तिथून वेळ सुरू, मांडीत सुई गेली की बंद. बाकी काही मोजू नका. आमची पहिली वेळ साडेसहा मिनिटं आली होती, त्यात दोन मिनिटं ट्रेची किल्ली शोधण्यात गेली, किल्ली इनचार्जच्या पर्समध्ये आणि इनचार्ज जेवायला. त्या दिवशी कुलूप काढलं आणि त्याजागी साधं प्लास्टिकचं सील लावलं जे ओढलं की तुटतं. तिसऱ्या ड्रिलला वेळ दीड मिनिटावर आली, त्यात मुलींची हुशारी किती आणि गेलेलं कुलूप किती हे तुम्हीच ठरवा.

एक ड्रिल नाइटला घ्याच. आणि एक ड्रेसिंग रूममध्ये किंवा ओपीडीच्या इंजेक्शन रूममध्ये, कारण तिथे ट्रेच नसतो हे तेव्हाच कळतं. रात्री १० वाजता काय चालतं आपल्याला माहितीये, एक सिस्टर, १८ पेशंट, सगळ्यांची अँटिबायोटिक्स ट्रेमध्ये भरून एका मागोमाग एक ढकलत जायची. पहिल्याला रिअ‍ॅक्शन सुरू होते तेव्हा ती सहाव्या बेडला पोचलेली असते. म्हणून एक नियम ट्रेनिंगमध्येच घाला, पहिला डोस असेल तर वेगळा, हळू, आणि दिल्यावर पाच मिनिटं तिथेच, त्याच वेळी बीपी-पल्स लिहा म्हणजे उभं राहणं फुकट गेलं असं वाटत नाही. नंतरचा अर्धा तास ये-जा करता लक्ष.

ड्रिलमध्ये फोन पण करायला लावा, खोटा खोटा. "सर, पेशंट जरा बरोबर वाटत नाहीये" असा फोन केला तर सर विचारतात बीपी किती, सॅच्युरेशन किती, काय दिलं होतं, आणि तिथेच तीन मिनिटं. त्यापेक्षा "सर, बेड नंबर ७, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोननंतर अ‍ॅनाफिलॅक्सिस, अ‍ॅड्रेनलिन अर्धा मिली मांडीत दिलंय १०:१२ ला, या." आधी सुई, मग फोन. फोन मावशींनी लावून कानाला धरला तरी चालेल. मावशी-मामांना ड्रिलमध्ये घ्याच, पाय वर करणं, ऑक्सिजनचा सिलेंडर ओढून आणणं, नातेवाइकांना बाहेर नेणं हे तेच करतात, आणि त्यांना कारण सांगितलं तर फार जीव लावून करतात.

बाकीचं भराभर सांगते. औषध चालू असेल तर बंद, पण व्हेनफ्लॉन (शिरेत बसवलेली नळी) काढायचं नाही, त्या क्षणी तीच शीर सोन्याची आहे. आयव्ही सेट मात्र बदला, नळीत उरलेलं औषध फ्लश करून आत ढकलू नका. आडवं करा, पाय वर. दम लागत असेल तर टेकून बसवा पण पाय सरळ पुढे, गरोदर असेल तर डाव्या कुशीवर. आणि उठू द्यायचं नाही, आडव्या पेशंटला एकदम बसवायचं-उभं करायचं नाही, संडासला लागली असली तरी बेडपॅन द्या, बीपी पडलेल्या माणसाला अचानक उभं केलं की हृदयात परत येणारं रक्तच आटतं आणि तिथल्या तिथे खेळ संपू शकतो, माझा पेशंट दारात का पडला ते मला कितीतरी वर्षांनी कळलं. मास्कने जास्त ऑक्सिजन, नॉर्मल सलाईन ५०० मिली ते १ लिटर जोरात, मुलांना किलोला १० मिली. दोन डोसनंतरही बीपी नाही तर आयसीयू असलेल्या ठिकाणी हलवायची तयारी, १०८ ला फोन आधीच करून ठेवा, पण अ‍ॅड्रेनलिन बरोबर द्या. बीपीसाठी बीटा ब्लॉकर घेणारा पेशंट कधीकधी अ‍ॅड्रेनलिनला दाद देत नाही, त्याला ग्लुकागॉनचं इंजेक्शन लागतं, बीटा ब्लॉकरची गोळी चालू आहे का ते डॉक्टरांना सांगा. आणि बरा झाला म्हणून तासाभरात घरी सोडायचं नाही, काही जणांना काही तासांनी रिअ‍ॅक्शन परत येते, रात्रभर ठेवा.

टेस्ट डोसबद्दल, म्हणजे आधी थोडंसं औषध कातडीत टोचून बघण्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीये पण तुमच्या केसमध्ये नक्की कोणीतरी म्हटलं असणार की "टेस्ट डोस तर निगेटिव्ह होता". टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे हात मोकळे झाले, हा गैरसमज फार महाग पडतो. आपण रोज औषध पातळ करून जो फुगा काढतो तो सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारख्या औषधांच्या बाबतीत भरवशाचा नाही, आणि कधीकधी त्या टेस्टनेच रिअ‍ॅक्शन येते. सर्पदंशाच्या अँटिव्हेनमला तर आपल्या राष्ट्रीय प्रोटोकॉलमध्येच टेस्ट डोस देऊ नका म्हटलंय. तुमच्या हॉस्पिटलची पॉलिसी असेल तर करा, तो वाद डॉक्टरांचा आहे, पण टेस्ट करताना सुद्धा ट्रे जवळ पाहिजे. तसंच "हे इंजेक्शन मागच्या वर्षी पण घेतलं होतं, काही झालं नव्हतं" याला भुलू नका. मुळात हा आजार सापडलाच तसा, १९०२ मध्ये फ्रान्समधल्या रिशे आणि पोर्तिए यांनी कुत्र्यांना समुद्रातल्या एका प्राण्याचं विष टोचलं, पहिल्यांदा पचलं, काही आठवड्यांनी परत थोडासाच डोस दिला तर कुत्रं थोड्या वेळात मेलं. रिशेंना त्यासाठी १९१३ चं नोबेल मिळालं.

हिस्टरी घेणं मात्र शिकवा, नीट शिकवा. "कशाची अ‍ॅलर्जी आहे का?" विचारलं की शंभरातले बहुतेक जण नाही म्हणतात, कारण त्यांना अ‍ॅलर्जी म्हणजे धुळीने शिंका एवढंच माहीत असतं. विचारायचं असं की कुठल्या गोळीने, इंजेक्शनने, सलाईनने अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, दम लागला, चक्कर येऊन पडलात असं कधी झालंय का. आणि कोणी म्हणालं "त्या गोळीने पित्त झालं होतं" तर तिथे थांबून विचारा, अंगावर पित्त उठलं की छातीत जळजळलं? एकाच शब्दात दोन्ही बसतं आपल्याकडे, आणि मी केसपेपरवर "अ‍ॅसिडिटी" असं लिहिलेलं पाहिलंय जिथे बाईला अख्ख्या अंगावर गांधी उठल्या होत्या.

रिअ‍ॅक्शन आलेल्या पेशंटला घरी जाताना औषधाचं मूळ नाव आणि कंपनीचं नाव दोन्ही मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्या, लॅमिनेट करून दिलं तर उत्तम, वीस रुपयांचं काम आहे. एडीआरचा (औषधाच्या दुष्परिणामाचा) फॉर्म भरा, नर्सलाही भरता येतो, असे दुष्परिणाम नोंदवणाऱ्या फार्माकोव्हिजिलन्सचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४ आहे, तो ट्रेवर लिहून ठेवा.

किती वेळा घ्यायचं तर वर्षातून एक मोठा कार्यक्रम, बॅनर, सरांचं भाषण, समोसे, असं नको. दर तीन महिन्यांनी १५ मिनिटं, शिफ्ट बदलायच्या वेळी, दोन्ही शिफ्टच्या मुली मिळतात. नवीन आलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यातच, कारण आपल्याकडे मुली सहा महिन्यांत सोडून जातात आणि तुम्ही जिला शिकवलं ती त्या रात्री नसतेच. ड्रिल झाल्यावर दहा मिनिटं बसून बोला, पहिलं बोलायला सगळ्यात ज्युनियर मुलीला लावा, इनचार्ज आधी बोलली की बाकीच्या गप्प. आणि चुकलं म्हणून ओरडू नका, ओरडलात तर पुढच्या खऱ्या केसला ती परत सरांच्या फोनची वाट बघेल.

परीक्षेचं विचारलंत. पेपर काढू नका, सगळ्या पास होतील. कॉरिडॉरमध्ये चालता चालता एखादीला थांबवा आणि म्हणा डोळे मिट, आता सांग या वॉर्डात अ‍ॅड्रेनलिन कुठे आहे, वरच्या कप्प्यात की खालच्या, किती अँप्यूल आहेत आणि त्यांची एक्सपायरी कधीची आहे. आणि त्याआधी, आज संध्याकाळीच, तुम्ही स्वतः एकदा जाऊन बघून या.